अल्प भाराची कसोटी

नागपूरच्या वैशाखांत माठांतील पाणी कां निवतें, हें आपण जाणतांच. माठाच्या अंगावरील पाण्याची वाफ होतांना ती आंतील उष्णता घेऊन जाते. याच तत्त्वावर चालणाऱ्या एका उपकरणाचा विचार येथें करावयाचा आहे. कारण कोणत्याही वस्तूची पारख कशी करावी, हें त्यावरून चांगलें कळतें.

1972 सालीं सोव्हिएट रशियांत गेरासिमोव्ह व मायदानिक या शास्त्रज्ञांनीं पहिला 'लूप हीट पाइप' तयार केला. त्याची लांबी 1.2 मीटर असून तो सुमारें 1 किलोवॉट उष्णता वाहून नेई. 1989 सालीं असें उपकरण प्रथम अंतराळांत गेलें. याच्या एका टोकास अतिसूक्ष्म छिद्रांची वात असते. उष्णता लागली कीं तेथील द्रवाची वाफ होते. ती एका नळीनें थंड टोकाकडे जाऊन पुन्हां द्रवरूप होते, आणि तो द्रव दुसऱ्या नळीनें वातीजवळच्या राखीव कोठींत परततो. दिव्याच्या वातींत तेल चढतें, त्याच केशाकर्षणानें हें चक्र फिरतें. निराळा पंप लागत नाहीं.

भार हलका तर काम सोपें, अशी आपली समजूत. येथें मात्र उलट घडतें. उष्णता थोडी असली कीं द्रव मंद गतीनें परततो आणि वाटेंतच सभोंवारच्या उष्णतेनें तापतो. इकडे वातींतून कांहीं उष्णता कोठींत झिरपत असते. तिला निववण्याइतका थंड द्रव येत नाहीं, म्हणून सर्व उपकरणाचें तपमान चढतें. भार वाढवितां तें प्रथम उतरतें व पुढें पुन्हां चढूं लागतें. फारच अल्प उष्णतेवर तर चक्र सुरूच होत नाहीं. त्यासाठीं उपग्रहांवर कधीं कधीं लहानशी विजेची शेगडी जोडावी लागते.

कोणी म्हणेल, मोठा भार पेलला म्हणजे पुरे. पण उपग्रहावरील यंत्रें सदैव पूर्ण शक्तीनें चालत नाहींत. त्यांच्या विसाव्याच्या वेळींही तपमान स्थिर राहिलें पाहिजे. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत कोणतेंही उपकरण मांडतांना "हें जास्तींत जास्त किती करतें?" एवढेंच न विचारतां "कमींत कमी भारावर कसें वागतें?" हेंही मोजून लिहावें. पालकांनींही मुलांस हा दुसरा प्रश्न अवश्य विचारावा. पहिल्या प्रश्नानें उपकरणाचें बळ कळतें. दुसऱ्यानें त्याचा स्वभाव.