गंजाचे वस्त्र

लोखंडाला गंज चढला की ते वाया गेले, असे सर्वत्र मानले जाते. गृहिणी विळी कोरडी पुसून ठेवते; शेतकरी नांगराच्या फाळाला तेल लावतो. ही काळजी योग्यच आहे. परंतु गंज म्हणजे नेहमी नाशच, हा समज मात्र खरा नाही. उत्तर इंग्लंडमधील गेट्सहेड या गावाजवळ उभा असलेला पोलादी देवदूत याची साक्ष देतो.

हा प्रदेश एके काळी कोळशाच्या खाणी, कारखाने आणि जहाजबांधणी यांनी गजबजलेला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे उद्योग एकामागून एक बंद पडत गेले व असंख्य कामगारांचे काम गेले. खाणीतून वर आलेले मजूर ज्या ठिकाणी अंगावरची काजळी धूत असत, त्याच ठिकाणी एक भव्य शिल्प उभारावे, असे नगरपालिकेने ठरविले आणि ते काम अँटनी गॉर्म्ली या शिल्पकाराकडे सोपविले.

या बेताला मोठा विरोध झाला. मूर्तीवर एवढा पैसा कशाला खर्चावा, असे कोणी विचारले. हे ओबडधोबड ध्यान कोणाला आवडणार, असे कोणी म्हणाले. अडचणीतल्या गावाने खर्चाचा विचार करावा, यात गैर काहीच नव्हते.

तरीही १९९८ च्या फेब्रुवारीत देवदूत उभा राहिला. त्याची उंची २० मीटर, पसरलेल्या पंखांची रुंदी ५४ मीटर आणि वजन सुमारे २०० टन आहे. टेकडीवरच्या सोसाट्याच्या वाऱ्यात तो ढळू नये म्हणून त्याच्या पायाचे खांब खोल खडकापर्यंत नेले आहेत. त्याला रंग मात्र मुळीच दिलेला नाही. साध्या लोखंडावरचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे गळतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडून झिजू लागते. या पोलादात थोडे तांबे मिसळलेले आहे. पाऊस व ऊन यांच्या आलटून पालटून होणाऱ्या माऱ्याने त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच थर आतील धातूचे रक्षण करतो. जो चोर म्हणून ओळखला जातो, तोच येथे पहारेकरी झाला आहे!

या जागी शुभ्र संगमरवरी मूर्ती पाहुण्यासारखी दिसली असती. देवदूताचा तांबूस रंग हा त्या भूमीतील कष्टांचा रंग आहे. त्याच्या अंगावरील उभ्या फासळ्या जहाजाच्या सांगाड्याची आठवण करून देतात. तो घडला तोही त्याच भागातील पोलाद जोडणाऱ्या कारागिरांच्या हातून. त्याच्यामुळे बंद खाणी पुन्हा सुरू झाल्या नाहीत, हे खरे. कलेने पोट भरत नाही. पण काय गमावले एवढेच ज्या गावाला आठवत होते, त्याला अभिमानाने दाखविण्यासारखे काही मिळाले. त्याच वर्षी तेथील फुटबॉलप्रेमींनी आपल्या लाडक्या खेळाडूचा प्रचंड सदरा देवदूताच्या अंगावर चढविला. परक्याला कोणी असा सदरा घालीत नाही. तो घरच्यालाच घातला जातो.

काळाच्या खुणा रंगाखाली झाकणे म्हणजेच सौंदर्य नव्हे. त्या खुणा अंगावर वागवूनही ताठ उभे राहता येते, हे गेट्सहेडच्या टेकडीवर ऊनपावसात उभा असलेला तो देवदूत सांगतो.