शब्दांची मालकी कोणाची?

भाषा ही सर्व समाजाची सामाईक मालमत्ता आहे, असे आपण धरून चालतो. परंतु जमीन आणि भांडवल यांप्रमाणेच शब्दांच्या अर्थावरही वर्गसत्तेचा ठसा असतो. इंग्रजीतील नित्याच्या काही शब्दांची कुळकथा पाहिली तरी हे ध्यानात येते.

‘व्हिलन’ म्हणजे खलपुरुष, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे जमीनदाराची वाडी. त्या वाडीच्या जमिनीत राबणारा तो मूळचा व्हिलन. त्याचा अपराध एवढाच, की तो दुसऱ्याच्या शेतात घाम गाळत होता. असभ्य माणसाला ‘बूर’ म्हणतात. त्याच्या मुळाशीही शेतकरीवाचक डच शब्द आहे. उलट ‘जेंटल’ आणि ‘जेनरस’ या शब्दांचा आरंभीचा अर्थ कुलवान एवढाच होता. सौम्यपणा आणि औदार्य त्यांना मागाहून चिकटले. राबणाऱ्याच्या नावाची शिवी झाली आणि वरिष्ठांच्या जन्माचा सद्गुण झाला. यावरून इंग्रजांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. ‘गाव’पासून ‘गावंढळ’ आणि ‘कुल’पासून ‘कुलीन’ हे आपणही केलेच आहे.

मात्र कष्टकऱ्यांनीही शब्द घडविले आहेत. १७६८ साली लंडनच्या बंदरातील खलाशांनी वेतनाच्या मागणीसाठी जहाजांची शिडे उतरवून व्यापार रोखून धरला. शीड उतरविण्याच्या क्रियेला ते ‘स्ट्राइक’ म्हणत. तोच शब्द पुढे जगभरच्या संपांचे नाव झाला. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात पीक बुडाले असता कुळांनी खंडात सूट मागितली. जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने त्यांना जमिनीवरून हुसकावण्याचे हत्यार उपसले. तेव्हा मजुरांनी त्याचे शेत सोडले, दुकानदारांनी त्याला माल नाकारला. अखेर बाहेरून माणसे आणून, सैन्याच्या पहाऱ्यात, त्याचे पीक काढावे लागले. आणि त्याच वर्षी त्याला मेयो सोडावे लागले. त्याचे आडनाव मात्र बहिष्काराचा प्रतिशब्द होऊन राहिले.

हा केवळ व्युत्पत्तीचा विरंगुळा नव्हे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ‘संप’ या शब्दाची व्याख्याच रुंदावली आहे. एखाद्या दिवशी उद्योगातील निम्म्या वा अधिक कामगारांनी संगनमताने घेतलेली नैमित्तिक रजा, हाही आता संपच. १९४७ च्या कायद्यात पूर्वसूचनेचे बंधन लोकोपयोगी सेवांपुरते होते. या संहितेने ते सर्व औद्योगिक आस्थापनांना लावले असून किमान चौदा दिवसांची सूचना दिल्यावाचून केलेला संप बेकायदा ठरविला आहे. म्हणजे कामगाराने हक्काची रजा सहकाऱ्यांसह घेतली, तरी तो कायदेभंग ठरू शकतो. मागण्या त्याच, माणसे तीच. फक्त एका शब्दाची व्याप्ती बदलली आणि सनदशीर निषेधाची एक वाट बंद झाली.

आपले कार्यकर्ते घोषणा उत्तम देतात, परंतु कायद्यातील व्याख्यांचे कलम वकिलांवर सोपवून मोकळे होतात. ही सवय मोडली पाहिजे. पुढच्या द्वारसभेत भाषणापूर्वी ती व्याख्या मराठीत वाचून दाखवावी आणि तिचा अर्थ कामगारांनाच विचारावा. शब्द आपण राखला नाही, तर तो मालक राखतो.