खिशातली स्प्रिंग आणि खोक्यातून आलेला प्रोजेक्ट

"गादीत कसलं आलंय इनोव्हेशन?"

टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि जवळजवळ शेवटचाही! आम्ही चौघी गप्प. आमच्या टेबलावर ३६ स्प्रिंगांची एक चौकोनी उशी. शेजारच्या टेबलावर लाल-हिरवे दिवे लागणारं, मोटर फिरणारं, 'ऑटोमॅटिक' असं काहीतरी. तो प्रोजेक्ट आठ दिवसांपूर्वी कुरिअरने खोक्यातून आला होता हे अख्ख्या हॉस्टेलला माहीत होतं. खोक्यात रिपोर्ट होता, पीपीटी होती, आणि 'व्हायवात विचारले जाणारे संभाव्य प्रश्न व उत्तरे' असा एक कागदसुद्धा होता. त्यांना ५० पैकी ४६ मिळाले, आम्हाला ३८.

मार्कांसाठी रडायला हा लेख लिहीत नाहीये (ते थोडंसं रूमवर करून झालंय). पण सरांचा प्रश्न डोक्यातून जाईना. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता देते. उशिरा का होईना.

आधी पॉकेट स्प्रिंग म्हणजे काय ते सांगते. सबमिशनच्या रात्री हॉस्टेलच्या एका गादीवर दोघी झोपल्या की सकाळी दोघीही मधल्या खड्ड्यात सापडतात. साध्या स्प्रिंगच्या गादीतही थोडंफार हेच होतं, कारण तिच्यातल्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या असतात. एक दबली की शेजारची ओढली जाते. पॉकेट स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र खिशात बंद असते. खिसे एकमेकांना चिकटलेले, पण आतल्या स्प्रिंगा सुट्ट्या. जिच्यावर वजन पडेल तीच दबते, शेजारणीला पत्ता नाही. चांगल्या सोफ्याच्या बैठकीतही हीच युक्ती वापरतात.

कल्पना जुनी आहे. कॅनडात टोरांटोला जेम्स मार्शल नावाच्या इंजिनिअरने १९०० च्या सुमारास अशा गादीचं पेटंट घेतलं. म्हणजे डिझाइन तेव्हाच तयार होतं. पण एकेक स्प्रिंग हाताने दाबायची, खिशात घालायची, खिसा बंद करायचा, असं शेकडो वेळा केलं तर एक गादी होणार. साहजिकच ती श्रीमंतांपुरती राहिली. मग अमेरिकेतल्या सिमन्स कंपनीचा इंजिनिअर जॉन गेल याने तार वळवून स्प्रिंग थेट कापडाच्या खिशात बसवणारं मशिन बनवलं, आणि १९२५ मध्ये सिमन्सने 'ब्यूटीरेस्ट' ही गादी ३९.५० डॉलरला बाजारात आणली. स्वस्त नव्हतीच. त्याच वर्षी फोर्डची सगळ्यात स्वस्त मॉडेल टी मोटार २६० डॉलरला मिळत होती! पण आता ती दुकानात ठेवून विकता येईल अशी वस्तू झाली होती.

मधली पंचवीस वर्षं स्प्रिंग तीच होती, खिसा तोच होता. अडलं होतं ते फक्त 'बनवायचं कसं' इथे. तर सर, इनोव्हेशन कुठलं? १९०० चं की १९२५ चं? माझ्या मते दोन्ही. आपल्या कॉलेजात मात्र फक्त पहिल्यालाच मार्क मिळतात.

हे मी वाचून सांगत नाहीये, हात भाजून सांगतेय. शब्दशः!

आमचं गणित पक्कं होतं. तार २ मिलिमीटरची, स्प्रिंगचा सरासरी व्यास ६०, कामाचे वेढे ५. स्प्रिंगचा कडकपणा निघाला मिलिमीटरला साधारण ०.१५ न्यूटन. मोकळी उंची १५० मिलिमीटर, खिशात १००. म्हणजे कोणी बसायच्या आधीच प्रत्येक स्प्रिंग ५० मिलिमीटर दबलेली, आणि खिशाचं कापड रात्रंदिवस पाऊण किलोचा जोर धरून बसलेलं. अशा ६०० स्प्रिंगांच्या गादीत सगळी कापडं मिळून साडेचारशे किलो पेलतात. गादी रिकामी असताना! हे उत्तर आलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. आणखी एक गंमत. पुस्तकात लिहिलंय की स्प्रिंगच्या आणि तारेच्या व्यासांचं गुणोत्तर, म्हणजे स्प्रिंग इंडेक्स, ४ ते १२ च्या दरम्यान ठेवा. आमचा आला ३०! आधी वाटलं गणित चुकलं. गणित बरोबर होतं, गादीची स्प्रिंग असतेच तशी सैल वेढ्यांची. पण या ३० ने पुढे काय रडवलं!

वर्कशॉपमध्ये लेथवर ५८ मिलिमीटरचा मँड्रेल लावला आणि तार गुंडाळली. सोडल्याबरोबर स्प्रिंग उसळून फुलली. व्यास मोजला तर ८० च्या आसपास. याला स्प्रिंगबॅक म्हणतात हे आम्हाला पाठ होतं, दोन मार्कांची टीप आहे ती. पण वेढा जितका मोठा आणि तार जितकी बारीक, तितकी तार जास्त उलगडते, हे त्या दिवशी कळलं. व्यासाचा घन गणितात खाली बसतो, त्यामुळे ६० चे ८० झाले की कडकपणा निम्म्याहूनही खाली येतो. सगळ्या वाया! वर्कशॉपचे मामा लांबून बघत होते. शेवटी म्हणाले, "अगं, तार ऐकत नसते. पाहिजे त्यापेक्षा जास्त वळवशील, तेव्हा पाहिजे तेवढी राहील." तिसऱ्या प्रयत्नात ४५ चा मँड्रेल लावला तेव्हा ६० चा व्यास मिळाला. मामांनी कुठलंच पुस्तक उघडलं नव्हतं.

पुढची फजिती अशी. स्प्रिंगा दाबून बांधून ठेवल्या. आठवड्याने सोडल्या तर कित्येकींची उंची कमी झालेली. तार थंड असताना वळवली की आत ताण शिल्लक राहतो, तो काढायला स्प्रिंग तापवावी लागते. मग मेटलर्जी लॅबच्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास ठेवल्या, आणि प्रश्न सुटला. पण आम्हाला घाई फार! भट्टीतून काढलेली स्प्रिंग नीट निवायच्या आत कापडात घातली. कापड पॉलिप्रॉपिलीनचं, साडीच्या दुकानात मिळणाऱ्या पिशवीसारखं. ते १६० अंशांच्या आसपास वितळतं. स्प्रिंग खिशात शिरली आणि तळातून बाहेर आली, माझं बोटही भाजलं. आता सांगा, 'गरम स्प्रिंग आणि वितळणारं कापड यांच्यामध्ये थोडा वेळ जाऊ द्या' हे कुठल्या सूत्रात बसतं?

खरं मशिन हे सगळं कसं करतं ते समजून घेतलं, तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. तार रोलरमधून पुढे ढकलली जाते आणि वळवणाऱ्या टूलवर आपटून गोल होते. मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती अशी स्प्रिंग तयार होते, म्हणजे टोकं कापडाला बोचत नाहीत. तिच्यातून क्षणभर वीज सोडली की ती स्वतःच तापते, ताण निघून जातो. मग तिला निवायला जागा दिलेली असते (आमचं बोट आठवा!). नंतर ती चपटी दाबून दुमडलेल्या कापडाच्या दोन पदरांत सरकवली जाते. शिलाई नाही, सुई नाही, दोरा नाही. सेकंदाला साधारण वीस हजार वेळा थरथरणारं टूल कापडावर टेकतं आणि पदर जागच्या जागी वितळून जुळतात. बऱ्याच मशिनमध्ये स्प्रिंग कापडात आडवी शिरते आणि नंतर खिशावर टपली मारून तिला उभं करतात. हो, टपलीच! शेवटी या खिशांच्या माळा गरम गोंदाने शेजारी शेजारी चिकटवल्या की गादीचा गाभा तयार. मशिन मिनिटाला शंभरेक स्प्रिंगा सहज करतं.

आणि आम्ही? फरसाणवाल्याकडे पिशव्या बंद करायचं छोटं सीलर असतं ना, ते उसनं आणलं होतं. स्प्रिंग दोन पट्ट्यांत दाबायची, कापडात घालायची, चारी बाजू सील करायच्या. एका खिशाला सहा मिनिटं. ३६ खिशांना साडेतीन तासांहून जास्त. मशिनचं हे वीस-बावीस सेकंदांचं काम. याच हिशेबाने ६०० स्प्रिंगांच्या गादीचे नुसते खिसे करायला ६० तास लागतील. मार्शलची गादी महाग का होती हे मला सीलर हातात धरून समजलं.

एकूण ७१ स्प्रिंगा केल्या. ३६ उशीत गेल्या. ३५ वाया गेल्या, त्या एका बिस्किटांच्या डब्यात आहेत. फुललेल्या, बसलेल्या, वाकड्या, टोकाने कापड फाडणाऱ्या. गंमत बघा, व्हायवाला आम्ही तो डबा टेबलाखाली लपवून ठेवला होता! चुका दिसल्या तर मार्क जातील म्हणून. आज वाटतं, तोच डबा टेबलावर ठेवायला हवा होता आणि उशी खाली.

आता विकतच्या प्रोजेक्टबद्दल. ते आणणारे माझे मित्रच आहेत, आणि ते काही आळशी नाहीत. त्यांची बाजूही खरी आहे. वर्कशॉप पाच वाजता बंद होतं, आणि आमची लेक्चर्सही पाचलाच सुटतात. एकेका गाइडकडे आठ-दहा ग्रुप्स असतात, त्यांनी तरी कोणाकोणाकडे बघायचं? मटेरियलचे पैसे खिशातून जातात. आणि एवढं करून जिथे चालणाऱ्या मॉडेलला ४६ आणि धडपडीला ३८ मिळतात, तिथे शहाणा माणूस खोकंच मागवणार! म्हणून मला त्यांच्यावर चिडायचं नाहीये. पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी, स्टाफनेसुद्धा, मान्य करायला हवी. खोक्यातून तयार वस्तू येते, तिचा डबा येत नाही. आणि शिक्षण सगळं त्या डब्यात असतं.

काही जण म्हणतील, पुढे बहुतेक जण आयटीतच जाणार, मग मँड्रेल ४५ चा की ५८ चा, काय फरक पडतो? मला वाटतं पडतो. कागदावर बरोबर असलेली गोष्ट प्रत्यक्षात पहिल्यांदा बरोबर होत नाही, हा अनुभव सॉफ्टवेअरवाल्यालाही लागतोच. तो पहिल्या नोकरीत घेण्यापेक्षा इथे घेतलेला स्वस्त पडतो. इथे फार तर तार वाया जाते.

नुसती तक्रार करून थांबायचं नाही, म्हणून तीन सूचना करते. एक, वर्कशॉप आठवड्यातून निदान दोन दिवस आठपर्यंत उघडं ठेवावं. मामांना त्याचा ओव्हरटाइम मिळावा, फुकट नाही. दोन, मिनी प्रोजेक्टच्या ५० मार्कांपैकी १५ मार्क फसलेल्या प्रयत्नांच्या वहीला असावेत. काय केलं, काय बिघडलं, का बिघडलं, मग काय बदललं. तारखांसकट. तीन, व्हायवाच्या टेबलावर चालणाऱ्या मॉडेलच्या शेजारी वाया गेलेले पीस ठेवणं सक्तीचं करावं. ज्यांच्याकडे एकही वाया गेलेला पीस नाही, त्यांना फक्त एवढंच विचारावं, "तुमचा डबा कुठे आहे?" या प्रश्नाचं उत्तर 'संभाव्य प्रश्नां'च्या कागदात सापडणार नाही, याची मी गॅरंटी देते.

आमची उशी सध्या लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीवर आहे. कधी आलात तर बसून बघा. मागचा उजवा कोपरा थोडा खाली बसलाय. तिथे भट्टीत न घातलेल्या दोन स्प्रिंगा गेल्या आहेत. सबमिशनच्या आदल्या रात्री ३४ च भरत होत्या, म्हणून त्या घातल्या. व्हायवात हे कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. आता सांगितलं!