संख्यारेषा आधीं, चिन्हें मागाहून

बीजगणितांत असमानता सोडवितांना उत्तर लिहिण्यापूर्वीं संख्यारेषा काढावी, हा नियम पुष्कळ विद्यार्थ्यांस वेळेचा अपव्यय वाटतो. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. रेषेस अर्धें मिनिट लागतें. ती न काढल्यामुळें गेलेले गुण मात्र परत येत नाहींत.

गोंधळाचें मूळ गणितांत नसून आपल्या नित्याच्या भाषेंत आहे. 'हुतूतू खेळणारे आणि क्रिकेट खेळणारे यांनीं मैदानावर यावें' असें शिक्षकांनीं सांगितलें तर दोन्ही गट येतात. येथें 'आणि' शब्दानें मंडळी वाढली. गणितांतील 'आणि' मंडळी कमी करितो. दोन्ही अटी पाळील तीच संख्या छेदांत राहते. कोणतीहि एक अट पुरे असेल तेथें 'किंवा' म्हणावयाचें, व तो संयोग. इतालियन गणिती पेआनो यांनीं १८८८ सालीं या दोहोंसाठीं सुटसुटीत चिन्हें योजिलीं खरीं. परंतु एक उलटें केलें कीं दुसरें होतें, त्यामुळें घाईंत तींहि फसवितात.

उदाहरणार्थ, (क्ष − ५)(क्ष + १) हा गुणाकार शून्याहून मोठा केव्हां? क्ष हा −१ हून लहान किंवा ५ हून मोठा असेल तेव्हां. पुष्कळ जण हेंच '५ < क्ष < −१' असें एका दमांत लिहून टाकितात. म्हणजे ५ ही संख्या −१ हून लहान ठरली! दोन दिशांस धांवणारे दोन बाण रेषेवर काढले असते तर ते कोठेंच एकमेकांवर येत नाहींत, छेद रिक्त आहे, हें तत्काळ दिसलें असतें.

टोकांचा प्रश्न अधिक नाजूक. टोक धरलें असल्यास भरीव वर्तुळ, नसल्यास पोकळ, हें सर्वांस पाठ असतें. पण ३ हून लहान व ३ हून मोठ्या संख्यांचा संयोग घेतला तर सारी रेषा भरूनहि ३ वर पोकळ वर्तुळ उरतें. दोहोंपैकीं एका अंतरालांत जरी ३ धरला, तरी तें भरतें. छेदांत मात्र तो दोन्हींकडे धरलेला असावा लागतो. तसा असल्यास छेद म्हणजे ३ हा एकटा बिंदु. यास्तव दोन अंतराल एकाखालीं एक, निरनिराळ्या रेषांवर काढून उत्तर तिसऱ्या रेषेवर उतरावें. एकाच रेषेवर सर्व कांहीं रंगविणें आम्हांस मान्य नाहीं.

परीक्षकांसहि एक विनंती. आकृतीस स्वतंत्र गुण असावेत. ज्याची रेषा बरोबर असून केवळ कंस चुकला, त्यास शून्य देणें न्याय्य नव्हे; वर्तुळ कोठें पोकळ व कोठें भरीव हें त्यानें जाणलें होतें, लिहितांना हात चुकला इतकेंच.