पॅकेजमधल्या ऐंशी चाचण्या आणि एक राहिलेली

भारतवारीत ‘फुल बॉडी चेकअप’ उरकून आलात ना? ऐंशी चाचण्या, व्हॉट्सॲपवर रंगीत रिपोर्ट, त्यात चार आकडे लाल. मग रात्री दोन वाजता गूगल! आता त्याच रिपोर्टमध्ये लायपोप्रोटीन (ए) शोधा. बऱ्याचदा ते नसतंच. असलं तरी त्याकडे कोणी बघत नाही.

२०२४ मध्ये बोस्टनच्या पॉल रिडकर यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या २७,९३९ निरोगी स्त्रियांचं रक्त एकदाच तपासलं आणि पुढे तब्बल ३० वर्षं त्यांची नोंद ठेवली. एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातल्या छुप्या दाहाची खूण, ज्यांची सर्वांत जास्त होती त्या पाचव्या हिश्शाला हृदयविकार-पक्षाघाताचा धोका सर्वांत खालच्या हिश्शाच्या १.७ पट होता. एलडीएलसाठी हाच आकडा १.३६, लायपोप्रोटीन (ए)साठी १.३३.

१.७ पट वाचून दचकलात? पण तीस वर्षांत अशी वेळ आली ३,६६२ जणींवर, म्हणजे शंभरात तेरा. वरच्या हिश्शातल्याही बहुतेक जणी त्यातून सुटल्या. हा गटाचा हिशोब आहे, तुमची पत्रिका नव्हे. शिवाय त्या बहुतेक गोऱ्या होत्या. आपल्यासाठी गणित जरा कडकच: अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक धरला आहे.

म्हणून माझं मत: लायपोप्रोटीन (ए) आयुष्यात एकदा तपासाच. तो आकडा मुख्यतः आईवडिलांकडून येतो; भात सोडून किंवा मॅरेथॉन पळून फारसा हलत नाही, त्यामुळे दरवर्षी पैसे घालवायला नकोत. ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर आला (एकक नीट बघा, दोन्ही चालतात), तर एलडीएल आणि रक्तदाब किती खाली ठेवायचा हे डॉक्टरांशी बोला. भावंडांनाही कळवा, त्यांचाही वाढलेला असू शकतो.

सीआरपीचं तसं नाही. साध्या सर्दीनेही तो चढतो. विमानातून घसा धरून उतरलात की दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊ नका, दोन-तीन आठवडे थांबा.

बाकीच्या चाचण्यांतल्या कितींमुळे तुम्ही काही वेगळं केलंत? माझ्या बाबतीत, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या सोडल्यास, काहीच नाही.

आणि रविवारी आईला फोन कराल तेव्हा विचारा, काकांना अटॅक आला तेव्हा त्यांचं वय काय होतं. पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत, स्त्रीला ६५ च्या आत आला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा.