बॉयलरची तपासणी होते, भट्टीची कोण करणार?

बॉयलर हा शब्द वर्तमानपत्रात येतो तो बहुतेक वेळा स्फोटाच्या बातमीत. त्याचा कायदाही स्फोटातूनच जन्मला. 1863 मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. 1923 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कायदा आला. शंभर वर्षे चाललेल्या त्या कायद्याची जागा आता 2025 च्या नव्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. नव्या कायद्याने किरकोळ चुकांसाठीच्या काही फौजदारी तरतुदी काढून टाकल्या आणि मांडणी सुटसुटीत केली. हेतू मात्र जुनाच राहिला, वाफेच्या दाबाने बॉयलर फुटू नये आणि माणसे मरू नयेत. पत्रा किती जाड आहे, सांधा नीट जोडला आहे का, सुरक्षा झडप वेळेवर उघडते का, हे निरीक्षक पाहतो. ते पाहायलाच हवे.

ज्या भट्टीच्या जिवावर हा बॉयलर तापतो, ती कोळसा नीट जाळते की नाही, हा प्रश्न मात्र या तपासणीच्या केंद्रस्थानी कधीच नव्हता. प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजमाप करते ते चिमणीत. बॉयलरच्या पत्र्याला एक धनी आहे, धुराला दुसरा. मधली भट्टी उरते फायरमनच्या फावड्यावर आणि मालकाच्या कोळशाच्या बिलावर. फुटलेला बॉयलर एका दिवसात माणसे मारतो, त्यामुळे त्याची चौकशी होते. नीट न जळणारी भट्टी पंधरा-वीस वर्षे घेते आणि तिचे नाव मृत्यूच्या दाखल्यावर कधीच येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात मोठे औष्णिक वीज केंद्र नाही, म्हणून हा विषय इथला नाही असे वाटू शकते. पण सुरत-भुसावळ लोहमार्गाचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. एका टोकाला सुरत, जिथे पांडेसरा, सचिन, पलसाणा भागातल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये कापड रंगवण्यासाठी आणि सुकवण्यासाठी लागणारी वाफ कोळसा जाळून तयार होते. दुसऱ्या टोकाला भुसावळजवळचे दीपनगर, जिथे 500 मेगावॉटचे दोन संच आणि 660 मेगावॉटचा नवा संच आहे. मधे नंदुरबार. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. इथली माणसे ऊसतोडीला, बांधकामाला, मिलमध्ये रोजंदारीला गुजरातेत जातात आणि होळीला परत येतात. येताना खोकला घेऊन येतात. थुंकीची तपासणी होते, क्षयरोग नाही असे निघते, खोकल्याचे औषध मिळते. बॉयलरजवळ काम होते का, हा प्रश्न फार थोड्या केसपेपरवर लिहिलेला सापडतो.

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा कारखान्यासारखे साखर कारखाने जिल्ह्यातच आहेत. त्यांच्या बॉयलरमध्ये कोळसा नव्हे, बगॅस म्हणजे उसाचे चिपाड जळते. इंधन वेगळे असले तरी भट्टीचे शास्त्र तेच. आणि पाड्यावरच्या चुलीचेही शास्त्र तेच, म्हणून सुरुवात चुलीपासून केलेली बरी.

चुलीत लाकूड कोंबले की धूर होतो. फुंकणीने हवा दिली की जाळ धरतो आणि धूर कमी होतो. भांडे जाळाच्या अगदी जवळ आणले की बुडाला काजळी जमते. या तीन गोष्टी स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतात, आणि भट्टीची रचना सुधारायची म्हणजे मुख्यतः याच तीन गोष्टींचा बंदोबस्त करायचा. कोळसा एकदम जळत नाही. आधी त्यातले पाणी जाते. मग तापून त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते जाळाच्या रूपाने जळतात. मागे उरलेला कोळसा निखाऱ्यासारखा सावकाश जळतो. धूर होतो तो मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात. सुटलेल्या वायूला पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि त्या हवेत मिसळायला पुरेसा वेळ मिळाला नाही, की तो अर्धवट जळून काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि डांबरासारखी संयुगे होऊन बाहेर पडतो.

जुन्या पद्धतीच्या लहान बॉयलरमध्ये काय होते ते पाहावे. फायरमन दार उघडतो, चार-पाच फावडी कोळसा एकदम टाकतो. दारातून गार हवा आत घुसते, जाळ्यावरचा विस्तव ताज्या कोळशाखाली दबतो. म्हणजे वायू सर्वांत जास्त सुटण्याच्या वेळीच उष्णता सर्वांत कमी असते. पुढची काही मिनिटे चिमणीतून काळाकुट्ट धूर निघतो. शिवाय पुष्कळ लहान बॉयलरमध्ये भट्टी पाण्याने वेढलेल्या नळकांड्याच्या आतच असते. जाळ पुरता फुलण्याआधीच गार पत्र्याला टेकतो आणि भांड्याच्या बुडासारखी तिथे काजळी धरते.

यावर उपाय अवघड नाहीत आणि नवेही नाहीत. इंधन फावड्याने एकदम टाकण्याऐवजी यंत्राने थोडे थोडे, सतत सोडणे. जाळ्याखालच्या हवेशिवाय जाळाच्या वरच्या बाजूने जोरदार झोतांनी दुसरी हवा देणे, म्हणजे सुटलेला वायू तिथेच ढवळून जळतो. तापमान टिकावे म्हणून भट्टीत उष्णतारोधक विटांची कमान बांधणे. जाळ आणि गार नळ्या यांच्यात पुरेशी जागा ठेवणे. धुरातला प्राणवायू मोजणारे साधन बसवून त्याप्रमाणे पंखा कमी-जास्त करणे, कारण हवा कमी पडली तर धूर होतो आणि फार झाली तर उष्णता चिमणीतून फुकट जाते. त्यापुढची पायरी म्हणजे फ्लुइडाइज्ड बेड भट्टी. तीत खालून येणाऱ्या हवेने तापलेली वाळू किंवा राख उकळत्या पाण्यासारखी खदखदत राहते आणि त्यात पडलेला कोळशाचा कण सर्व बाजूंनी जळतो. तीत चुनखडी मिसळली तर कोळशातले गंधकही बऱ्याच अंशी तिथेच अडते.

इथे एक सावधगिरी. उत्तम भट्टी काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड कमी करते, राख कमी करत नाही. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण अनेकदा 35 ते 40 टक्के असते आणि राख जाळता येत नाही. उलट बारीक कोळसा जाळणाऱ्या भट्टीत बहुतेक राख धुराबरोबर वर जाते. वीज केंद्रात हे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून चांगल्या भट्टीला मागे चांगली गाळणीही लागते, मग ती बॅग फिल्टर असो वा विजेने धूळ ओढणारे यंत्र. भट्टी विकणारे जेव्हा धूरच होणार नाही असे सांगतात, तेव्हा ते डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुराबद्दल बोलत असतात.

काळ्या धुराचे महत्त्व तरीही मोठे आहे. काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध इंग्लंडमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्येच चिमण्या साफ करणाऱ्या मुलांच्या आजारावरून दाखवला होता. कामाच्या जागेमुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली ठळक नोंद. काजळीचे कण इतके बारीक असतात की नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि डांबरी संयुगे आपल्या अंगावर वाहून नेतात. श्वासनलिकांचा जुनाट दाह, दमा, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका त्यांनी वाढतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. नंदुरबारमध्ये भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या प्रमाणात आहेत. ज्याच्या रक्तपेशी प्राणवायू कमी पडताच कोयत्यासारख्या वाकतात, त्याला धुराने भरलेल्या बॉयलर रूममध्ये आठ तास उभे करणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे. कामावर घेताना हे तपासणारी यंत्रणा रोजंदारीच्या जगात नाही.

कायद्याने घातलेल्या मर्यादा पाहिल्या तर उलटेच चित्र दिसते. 2017 नंतरच्या वीज केंद्रांना धुळीसाठी मर्यादा आहे दर घनमीटर धुरामागे 30 मिलिग्रॅम. पर्यावरण संरक्षण नियमांखाली लहान बॉयलरसाठी देशपातळीवर ठरवलेली मर्यादा मात्र ताशी 2 टनांहून कमी वाफ देणाऱ्यांसाठी 1200 मिलिग्रॅम आणि 2 ते 10 टनांसाठी 800. दोन्ही मोजमापांच्या अटी थोड्या वेगळ्या आहेत, तरी फरक चाळीस पटींच्या घरात जातो. चिमणीचेही तसेच. मोठ्या वीज केंद्राची चिमणी 220 किंवा 275 मीटर. सर्वांत लहान बॉयलरला 9 मीटर किंवा शेजारच्या इमारतीच्या अडीच पट, यांपैकी जे जास्त असेल ते. 9 मीटर म्हणजे जेमतेम तीन मजले. मोठ्या केंद्राचा धूर दूर जाऊन विरळ होतो. लहान कारखान्याचा धूर त्याच गल्लीतल्या झोपडीत, बालवाडीत आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतो. लहान उद्योजकाला परवडणार नाही या विचाराने सवलत दिली गेली असेल, पण तिची किंमत कामगाराच्या फुप्फुसाने भरली.

परवडत नाही हा मुद्दा सुरतेने बराच खोडून काढला आहे. गुजरातने सर्वच बॉयलरसाठी 150 मिलिग्रॅमची मर्यादा ठेवली होती, पण ती पाळली जात नव्हती. 2019 मध्ये तिथे कोळसा जाळणाऱ्या 317 कारखान्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एक प्रयोग सुरू झाला. सर्वांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसली. निम्म्या कारखान्यांना मिळून धुळीची एकूण मर्यादा ठरवून दिली आणि आपापसांत परवाने विकण्या-घेण्याची मुभा दिली. ज्याने धूळ कमी केली त्याने उरलेला परवाना विकावा, ज्याला जमले नाही त्याने विकत घ्यावा. औषधांच्या चाचणीत असतो तसा उरलेल्या कारखान्यांचा तुलनेचा गट होता, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे. बाजारात असलेल्या कारखान्यांची धूळ 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाली आणि नियमपालन 99 टक्क्यांवर गेले. धूळ आवरण्याचा खर्चही कमी आला. हा प्रयोग भट्टीची रचना बदलण्याचा नव्हता. पण धुळीला किंमत लागली की मालक भट्टीकडे आणि गाळणीकडे लक्ष देऊ लागतो, एवढे त्यातून दिसते. महाराष्ट्रात 2017 पासून कारखान्यांना धुरानुसार तारांकन देण्याची योजना आहे. तारे लोकांना माहिती देतात, पण मालकाच्या खिशापर्यंत पोहोचत नाहीत.

मोठ्या भट्ट्यांची अडचण वेगळी. तिथे कोळसा पिठासारखा दळून फुंकतात आणि जवळपास पूर्ण जाळतात. पण जाळ जितका तीव्र, तितकी हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजनची ऑक्साइड जास्त तयार होतात. म्हणून हवा टप्प्याटप्प्याने देणारे बर्नर लागतात. 2003 ते 2016 दरम्यानच्या संचांसाठी 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 मध्ये ठरली, ती 2020 मध्ये 450 पर्यंत सैल केली गेली. गंधकाच्या बाबतीत तर जुलै 2025 मध्ये केंद्राने देशातल्या सुमारे 78 टक्के संचांना धुरातले गंधक काढणारे यंत्र बसवण्यातून सूट दिली. आपल्या कोळशात गंधक कमी असते हे त्यामागचे कारण खरे आहे. पण सल्फर डायऑक्साइड हवेत जाऊन सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. उंच चिमणी पायथ्याच्या गावाला वाचवते, पुढच्या जिल्ह्यांना नाही. राखेचा प्रश्नही केवळ चिमणीतून बाहेर जाणाऱ्या धुळीचा नसतो. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशात उंचाहारच्या 500 मेगावॉट संचात चाळीसहून अधिक कामगार गेले, त्यामागे भट्टीच्या तळाशी साचलेली राख आणि क्लिंकर होते.

नंदुरबारपुढचा नजीकचा प्रश्न इंधनबदलाचा आहे. कोळशात शेतातला काडीकचरा मिसळण्याचे केंद्राचे धोरण 2021 पासून वीज केंद्रांना लागू झाले आणि पऱ्हाटीच्या कांड्यांना आता गिऱ्हाईक दिसू लागले आहे. शेतात जाळण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मात्र काडीकचऱ्याच्या राखेत पोटॅश जास्त असते, ती कमी उष्णतेला वितळते आणि नळ्यांवर काचेसारखा थर धरते. कोळशासाठी बांधलेल्या लहान भट्टीत हेच इंधन जसेच्या तसे टाकले तर हवेची गणिते बिघडतात आणि धूर वाढतो. बगॅसचेही तेच. त्यात निम्मे पाणी असते, म्हणून साखर कारखान्याचे बॉयलर गळीत सुरू होताना सर्वांत जास्त धूर सोडतात. भट्टी गार आणि चिपाड ओले. तो काळ नोव्हेंबर-डिसेंबरचा, जेव्हा तापीच्या खोऱ्यात पहाटेची थंड हवा खाली बसते आणि धूर वर चढत नाही.

नव्या कायद्याखालील नियम आखताना बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेत ज्वलनाला झडपेइतके गुण देता येतील. वार्षिक तपासणीत धुरातला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांची नोंद घेता येईल. त्यासाठीचे यंत्र हातात मावते आणि मोजायला काही मिनिटे लागतात. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची फुंकण्याची चाचणी वर्षातून एकदा करायलाही तेवढीच मिनिटे पुरतात.