क्रमवारीवाल्यांचा इतिहास

निकालांचा हंगाम आला की मीरा-भाईंदरमध्ये दोन प्रकारचे फलक लागतात, एक नव्या टॉवरचे आणि दुसरे करिअर मार्गदर्शनाचे. अशाच एका मार्गदर्शनात एका विद्वान गृहस्थांनी इतिहासात एम. ए. करू पाहणाऱ्या मुलांना उपदेश केला. त्यांचं नाव घेत नाही. घेतलं तर पुढच्या फलकावर ते आणखी ठळक होईल. त्यांचं म्हणणं एवढंच : क्रमवारी उघडा, वरून खाली वाचत या, जिथे नंबर लागेल तिथे प्रवेश घ्या. दिल्ली मिळाली तर सोनंच, कारण एम. ए. करता करता यूपीएससीही उरकते. मुंबई विद्यापीठाचं कलिना म्हणजे लोकलला लटकून केलेली कारकुनी पदवी. आणि काहीच जमलं नाही तर दूरशिक्षण आहेच, कारण इतिहासात शिकवण्यासारखं असतं काय, वाचायचं तर असतं! टाळ्या पडल्या. आईबापांनी वहीत लिहूनही घेतलं.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढतो. यूपीएससी उरकायची असेल तर क्लास लावावा, त्यासाठी एम. ए.ची एक जागा अडवू नये. लोकलने जाऊन शिकणं कारकुनी असेल तर विरार ते चर्चगेटमधले निम्मे डॉक्टर आणि वकील कारकून ठरतील. दूरशिक्षणाचं म्हणाल तर नोकरी करणाऱ्याला, घर सांभाळणाऱ्या बाईला ‘इग्नू’चा किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा आधार मोठा असतो. त्याला ‘काहीच जमलं नाही तर’च्या रांगेत उभं करणं हा शुद्ध उद्धटपणा आहे.

आता क्रमवारी. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६पासून जाहीर होते. अध्यापन आणि साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०, असे तिचे निकष. विद्यापीठांच्या यादीत संपूर्ण विद्यापीठाला एकच अंक मिळतो. इंजिनिअरिंग, औषधनिर्माण, कायदा यांच्या वेगळ्या याद्या निघतात. इतिहासाची निघत नाही. म्हणजे आमच्या गृहस्थांचा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या शोधनिबंधांवर भाळून मराठेशाही शिकायला निघणार. नवरीचा पत्ता नाही आणि हॉल बुक!

पण माझा खरा राग वेगळाच आहे. दीड तासाच्या त्या भाषणात ‘कागद’ हा शब्द एकदाही आला नाही. फी आली, हॉस्टेल आलं, प्लेसमेंटसुद्धा आली (इतिहासात प्लेसमेंट म्हणजे काय, ते त्यांचं त्यांना ठाऊक), पण कोणत्या विद्यापीठातून कोणतं दफ्तर हाताशी येतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. इतिहासाच्या एम. ए.ची निवड याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

हॉलच्या खिडकीबाहेरचाच प्रदेश घ्या. भाईंदर हे साष्टी बेटाचं उत्तर टोक. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. दोनशे वर्षं तो त्यांच्याकडे होता. १७३७मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली, साष्टी गेली, आणि मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्याआधी खाडीच्या या काठावर, उत्तनजवळच्या चौक गावात, धारावीच्या किल्ल्यासाठी झुंज झाली. (मुंबईतली ती धारावी नव्हे. हे अजून सांगावं लागतं.) पस्तीस वर्षांनी, १७७४च्या अखेरीस, इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी बळकावली, आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली.

तीन राजवटी, म्हणून तीन दफ्तरं. पोर्तुगीज कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनमध्ये. पेशवाईचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, रुमालांमध्ये बांधलेले, मोडीत लिहिलेले. कंपनी सरकारचे खंड मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. घोडबंदरच्या किल्ल्यावर किंवा भाईंदरच्या मिठागरांवर काम करणाऱ्या मुलाला यांतल्या एका तरी दाराशी जावंच लागणार. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसून त्याला हिंदुस्थान सरकारने वरून काय पाहिलं ते दिसेल. उत्तनच्या कुळाने १७४०मध्ये किती सारा भरला, ते तिथे शोधून मिळायचं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की आता सगळं छापलेलं आहे, मोबाइलवर आहे. आहे ना! गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले. त्यांत वसईच्या मोहिमेचा स्वतंत्र भाग आहे. पण ‘निवडक’ या शब्दावर जरा थांबा. निवडणाऱ्याला मोहीम हवी होती, म्हणून मोहिमेची पत्रं आली. मोर्चे, सुरुंग, कोण पडला, कोण जखमी झाला. त्यानंतर या गावांची आकारणी कशी झाली, पळालेली कुळं परत कशी वसवली, ही उस्तवार ज्या हिशेबांत असते ते बाडात राहिले. एम. ए.च्या विद्यार्थ्याचं काम तिथे सुरू होतं, आणि त्यासाठी मोडी वाचता यावी लागते. ती क्रमवारीत मोजत नाहीत.

इथे एक जुनं भांडण उकरतो. ‘फिरंग्यांचे कागद कशाला वाचायचे, ते खोटंच लिहिणार,’ असं मला एका सभेत ऐकवलं गेलं होतं. अहो, शत्रूच्या दफ्तरात आपला पराक्रम तक्रारीच्या रूपाने नोंदलेला असतो! गोव्याहून लिस्बनला गेलेल्या पत्रांत वसई गेल्याची रड वाचावी, म्हणजे विजय केवढा होता ते कळतं. त्याच सभेत दुसऱ्या एकाने उत्तन, पाली, डोंगरीच्या ख्रिस्ती कोळ्यांचा इतिहास ‘आपला’ नव्हे असा निकाल दिला होता. घरात मराठी बोलणाऱ्या, इथल्याच समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या माणसांचा इतिहास आपला नाही, तर मग कुणाचा? तिसरा म्हणाला की स्थानिक इतिहास हा मुळी इतिहासच नाही, तो हौशी लोकांचा उद्योग. या तिघांचं आपसांत पटत नसे, पण कागद न वाचण्यावर तिघांचं एकमत होतं. आमचे मार्गदर्शक त्याच परंपरेतले. फरक एवढाच की त्यांच्याजवळ प्रोजेक्टर आहे.

तर मग करायचं काय? आधी काळ आणि प्रदेश ठरवावा, अगदी ढोबळ का होईना. वसाहतकाळ, मुंबई शहर, गिरण्या, मिठागरं असं काही मनात असेल तर मुंबई विद्यापीठ. कागदांसाठी भाईंदरहून चर्चगेटला एका गाडीत पोचता येतं, आणि काळा घोड्याबरोबर टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीही तिथून चालत गाठता येते. मुलींना चर्चगेटलाच एसएनडीटी आहे. पेशवाईची ओढ असेल तर पुणं, कारण दफ्तर तिथे आणि १९१०मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही तिथे. पोर्तुगीज काळ खुणावत असेल तर गोवा विद्यापीठाचा विचार व्हावा. पोर्तुगीज भाषा शिकायची सोय आणि पणजीचं दफ्तर एकाच गावाच्या टप्प्यात येतं. निजामशाही, आदिलशाही, मोगलांची दख्खन यांचं वेड असेल तर फारसी शिकावी आणि हैदराबादकडे पाहावं. मोडीचं प्रशिक्षण पुराभिलेख विभागही देतो, त्यासाठी प्रवेशाची वाट पाहायला नको.

दिल्लीशी माझं वैर नाही. मोगल दरबार, राष्ट्रीय चळवळीचं राजकारण, फाळणी यांवर काम करायचं असेल, किंवा इतिहासलेखनाच्या वादांत खोल शिरायचं असेल, तर जरूर जावं. मात्र तिथल्या विद्यापीठांसाठी द्यायच्या सामाईक परीक्षेत इतिहासाचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीत असतो, आणि मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या मुलाने ती तयारी आधीपासून करायला हवी. एवढी साधी गोष्टही व्याख्यानात सांगितली गेली नव्हती.

अर्ज भरण्याआधी त्या इतिहास विभागात एकदा जाऊन यावं. अभ्यासक्रमपत्रिका संकेतस्थळावर मिळेल, ती देखणीच असते. ऑफिसात मागायचं ते विद्यार्थ्यांनी अलीकडे लिहिलेले संशोधन प्रकल्प. त्यांच्या शेवटच्या पानांवर दफ्तरातल्या कागदांचे क्रमांक आहेत की सगळी गाइडांची नावं आहेत, ते उभ्याउभ्या चाळून कळतं. कपाटाची किल्ली सरांकडे आहे आणि सर सोमवारी येतील, असं उत्तर मिळालं तर सोमवारी पुन्हा जावं. त्या सोमवारीही किल्ली सरांकडेच असेल, तर यादीतल्या पुढच्या विद्यापीठाची गाडी धरावी, मग पहिल्याचा नंबर कितीही वरचा असो.